आकडा पोटाचा, दुखणे कमरेचे

कंबरदुखीने हैराण होऊन फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या माणसाला हल्ली हमखास ऐकायला मिळते, ‘तुमचा कोअर, म्हणजे पोट-कमरेभोवतीचे स्नायू, कमकुवत आहे.’ या निदानाचे मूळ बऱ्याच अंशी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सापडते. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली कंबरदुखीचे १५ रुग्ण आणि १५ निरोगी माणसे यांच्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाच्या भिंतीतला सर्वांत आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, कंबरपट्ट्यासारखा आडवा वेढलेला असतो. त्यात सुईने अतिशय बारीक तारा सोडून त्यांनी स्नायूची विद्युत हालचाल टिपली आणि माणसांना हात झटकन उचलायला लावला. निरोगी माणसांत खांद्याच्या स्नायूच्याही आधी हा आतला स्नायू आवळला जात होता. रुग्णांत तो मागे पडत होता. इथे मोजली गेली ती वेळ, ताकद नव्हे. तरीही या प्रयोगानंतर जगभर पोट आत ओढण्याच्या व्यायामांची लाट आली, आणि स्नायू ‘मोजून’ दुखण्याचे कारण सांगता येते असा समजही पसरला. तो समज पुराव्यापुढे टिकत नाही.

दवाखान्यात रोज कोणी तारा टोचत नाही, म्हणून सोप्या रीती आल्या. रुग्णाला पालथे झोपवून पोटाखाली हवेची पिशवी ठेवतात, तिचा दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरवर आणतात आणि पाठ न हलवता पोट आत ओढायला सांगतात. दाब काही मिलिमीटर उतरला आणि तसाच टिकला, तर स्नायू नीट काम करतो असे मानतात. पण पिशवीला फक्त दाब कळतो. माणसाने श्वास रोखला किंवा कटिभाग किंचित वळवला तरी काटा हलतो. सोनोग्राफी त्याहून बरी, कारण स्नायू जाड होताना पडद्यावर दिसतो. तिलाही मर्यादा आहे: हलक्या आवळण्यात जाडी आणि विद्युत हालचाल बरोबरीने वाढतात, जोर वाढला की जाडी जवळपास तिथेच थांबते. शिवाय शेजारचा स्नायू ढकलत असेल तर जाडी त्यानेही बदलते.

यंत्रे सुधारली तरी मूळ प्रश्न उरतोच. दुखते म्हणून स्नायू मागे पडतो, की स्नायू मागे पडतो म्हणून दुखते? हॉजेस यांनीच पुढे सहकाऱ्यांसह निरोगी माणसांच्या पाठीच्या स्नायूत तीव्र मिठाचे पाणी टोचून काही काळ दुखणे निर्माण केले, तेव्हा त्यांच्याही पोटाच्या या आतल्या स्नायूचे वागणे बदलले. म्हणजे निदान काही वेळा तरी दुखणे आधी येते. उपचारांच्या तुलनेतून हीच शंका बळावते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत खोल स्नायूंचे खास व्यायाम आठ आठवड्यांपर्यंत साध्या व्यायामांपेक्षा थोडे सरस ठरले. सहा आणि बारा महिन्यांनी फरक उरला नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यातही इतर व्यायामांच्या तुलनेत रुग्णाला जाणवेल एवढा फायदा दिसला नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: सगळ्या रुग्णांची सरसकट सरासरी काढली तर फरक पुसला जाणारच, ज्यांचा स्नायू खरोखर मागे आहे त्यांनाच निवडून व्यायाम द्या. काही लहान अभ्यासांत, सुरुवातीला स्नायू नीट न आवळणाऱ्यांना या व्यायामांचा जास्त लाभ झालेला दिसला आहे. आक्षेप वजनदार आहे, पण निवडीसाठी पुन्हा तीच मोजणी लागते, आणि एकाच माणसाचे आकडे दोन दिवसांत किंवा दोन तपासणाऱ्यांच्या हाती किती जुळतात यावर सगळे अवलंबून राहते. शिवाय व्यायामाने आकडा सुधारला म्हणजे दुखणे तेवढेच कमी होते असेही नाही. मग सोनोग्राफी टाकून द्यायची का? मुळीच नाही. आपलाच स्नायू पडद्यावर आवळताना दिसला की शिकणाऱ्याला व्यायाम लवकर समजतो. त्या कामात ती छान शिक्षिका आहे. फक्त त्या पडद्याकडे बोट दाखवून ‘तुमची कंबर यामुळेच दुखते’ असे कोणी म्हणाले, तर पुरावा विचारायचा हक्क रुग्णाला आहे.