अवकाशातला आवाज कोणाच्या कानांनी ऐकायचा?

विज्ञानपटांच्या चाहत्यांमध्ये कधीही न मिटणाऱ्या वादांपैकी एक वाद असा की, जेथे हवाच नाही तेथे यानांची घरघर आणि स्फोटांचा गडगडाट ऐकू येतोच कसा. शास्त्रदृष्ट्या हा आक्षेप बिनतोड आहे. ध्वनी म्हणजे माध्यमातील कणांनी एकमेकांना दिलेल्या धक्क्यांतून पुढे सरकणारे कंपन. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ते सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जाते, परंतु ग्रहांमधल्या अवकाशात, पृथ्वीच्या आसपाससुद्धा, एका घनसेंटिमीटरमध्ये मोजकेच कण असल्यामुळे मानवी कानाला जाणवेल असा तरंग तेथे उभाच राहू शकत नाही. काचेच्या हंडीतील हवा काढून घेतली की आतली विजेची घंटा वाजताना दिसते पण ऐकू येत नाही, हा शालेय पुस्तकातला प्रयोग एवढ्यापुरता पुरेसा आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून निसटते ते एवढेच की, चित्रपटातला आवाज कोणाच्या तरी कानांनी ऐकलेला असतो आणि तो कान कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार दिग्दर्शकाकडे असतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ मध्ये हा कान बहुतांशी अंतराळवीराला देऊन टाकला. यानाबाहेरच्या दृश्यांत एकतर संगीत आहे, नाहीतर पोशाखाच्या आत कोंडलेला श्वासोच्छ्वास आहे, आणि जेथे त्या श्वासाचा धनी मारला जातो तेथे काहीच नाही. शिरस्त्राणाशिवाय यानात परतणाऱ्या अंतराळवीर बोमनच्या प्रसंगात तर स्फोटक बोल्ट उडतात, माणूस निर्वात कक्षात फेकला जातो आणि हे सारे निःशब्दपणे घडते. कक्षात हवा भरू लागते तेव्हाच तिच्या सुसाट्यासह आवाज परत येतो. भौतिकशास्त्राचा नियम येथे नाट्याचा कणा झाला आहे, आणि या एका बाबतीत या चित्रपटाची बरोबरी नंतर फार थोड्यांना साधली, असे म्हणण्यास हरकत नाही.

जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ ने याच्या अगदी उलट वाट धरली. त्यातील अवकाशयुद्धांची आखणी करताना दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झुंजींची चित्रफीत नमुना म्हणून वापरली गेली होती, त्यामुळे त्या यानांनी लढाऊ विमानांसारखे गुरगुरावे हे ओघानेच आले. त्याआधीच्या विज्ञानपटांत भविष्याचा आवाज म्हटला की तो विद्युत उपकरणांतूनच काढण्याची रीत होती. लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ साठी मुद्दाम जळू दिलेल्या विद्युतमंडलांतून संपूर्ण ध्वनिपट घडवला आणि संगीतकारांच्या संघटनेशी वाद नको म्हणून श्रेयनामावलीत त्याला संगीत म्हटलेच गेले नाही. ‘स्टार वॉर्स’ चे ध्वनिरचनाकार, म्हणजे पडद्यावरील वस्तूंचे आवाज योजून घडवणारे कारागीर, बेन बर्ट यांनी मात्र वापरात झिजलेल्या वस्तूंकडे कान लावला. प्रकाशखड्गाचा गुंजारव हा चित्रपट दाखवण्याच्या एका जुन्या प्रोजेक्टरच्या रिकाम्या फिरणाऱ्या मोटारीचा आहे. त्यात भर पडली ती तुटक्या तारेचा मायक्रोफोन टीव्हीजवळून जाताना त्याने अपघाताने पकडलेल्या गुणगुणीची. खड्ग फिरवल्याचा भास निर्माण करण्यासाठी हा मिश्र आवाज ध्वनिवर्धकातून वाजवून त्याच्यासमोर दुसरा मायक्रोफोन हलवण्यात आला, त्यामुळे जवळ येताना सूर चढला आणि दूर जाताना उतरला. रुळांवरून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीत जाणवणारा हाच डॉप्लर परिणाम. बंदुकीचा आवाज मनोऱ्याला ताणून बांधलेल्या तारेवर हातोडा मारून मिळाला, शत्रूच्या लढाऊ यानाची किंकाळी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार यांच्या मिश्रणातून आली, तर खलनायक डार्थ व्हेडरचा श्वास पाणबुड्यांच्या श्वसनयंत्राचा आहे. प्रेक्षकाला यातले काही ठाऊक नसते, पण गंज, वजन आणि घर्षण त्याच्या कानाला ओळखीचे असते, म्हणूनच छोट्या प्रतिकृतींवर चित्रित केलेली ती याने अवाढव्य वाटतात. ही शास्त्राशी प्रतारणा खरी, परंतु ती अजाणतेपणी झालेली नाही.

या दोन टोकांमध्ये अल्फोन्सो क्वारोन यांच्या २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’ ने तिसरा मार्ग काढला. हवा नसली तरी घन पदार्थातून कंपन वाहते, हे धरून तेथे नायिकेच्या हातमोज्याला किंवा पोशाखाला ज्याचा स्पर्श होतो त्याचाच आवाज, दबका आणि घुसमटलेला, ऐकू येतो. तिच्यापासून दूर चिंधड्या उडणारे अंतराळस्थानक मुके राहते. ध्वनिसंपादन आणि ध्वनिमिश्रण या दोन्ही विभागांतले ऑस्कर या चित्रपटाला मिळाले, ते अशा चित्रपटाला मिळावे ही त्यातली गंमत. तोच कान उसना घेऊन २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ ने एका टक्करीच्या क्षणी सारा आवाज काढून टाकला, तेव्हा तो यंत्रातला बिघाड नाही अशी सूचना अमेरिकेतील एका चित्रपटगृहाला लावावी लागली.

अवकाश सर्वत्र मुके असते असेही नाही. ‘पर्सिव्हिअरन्स’ या बग्गीवरील मायक्रोफोनने २०२१ मध्ये मंगळाच्या विरळ वातावरणातले वारे आणि चाकांची करकर टिपली. तेथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर असून उच्च स्वर खालच्या स्वरांपेक्षा किंचित लवकर पोहोचतात, असे त्यातून दिसले. ययाती दीर्घिकासमूहात तर दीर्घिकांमधल्या तप्त वायूतून दाबाच्या लाटा जातात, हे चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००३ मध्ये जाहीर झाले. त्यांचा स्वर पियानोच्या मधल्या ‘सी’ पेक्षा तब्बल ५७ सप्तके खाली असल्याने एका कंपनाला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. नासाने २०२२ मध्ये तो लोकांना ऐकवला तेव्हा ५७ आणि ५८ सप्तके वर चढवला, आणि प्रत्येक सप्तकाला कंपनसंख्या दुप्पट होते हे लक्षात घेतले तर ही करामत बर्ट यांच्या हातोड्यापेक्षा कमी धाडसी म्हणता येणार नाही.