गिटारचे पहिले तीन स्वरमेळ

उपासनेच्या वेळीं गिटारची साथ ऐकून पुष्कळ विद्यार्थ्यांस तें वाद्य शिकण्याची हौस वाटते; परंतु घरीं आलेलें वाद्य महिन्याभरांत भिंतीवर टांगलें जातें, असाहि अनुभव पालकांस येतो. बोटें दुखतात आणि शिकण्याचा शेवट दिसत नाहीं, हीं याचीं दोन कारणें होत. पहिल्यास धीर हाच उपाय. दुसऱ्यासाठीं हा लेख.

कांहीं ठराविक स्वर एकदम वाजविले असतां जो मधुर नाद उत्पन्न होतो, त्यास कॉर्ड किंवा स्वरमेळ म्हणतात. मेजर स्वरमेळांत षड्ज, शुद्ध गांधार व पंचम हे तीनच स्वर असतात. ज्यानें पेटीवर सा, ग, प एकदम दाबले, त्यानें मेजर स्वरमेळ वाजविलाच. गिटारच्या सहा तारांवर हेच तीन स्वर पुनः पुनः येतात, इतकेंच.

सर्वांत बारीक तार पहिली व सर्वांत जाड सहावी. जाड तारेपासून त्या ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत जुळवितात. दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांस पडदे म्हणतात. बोट पडद्यावर न ठेवतां त्याच्या लगत, खुंट्यांच्या बाजूस, टोंकानें दाबावें.

ई मेजर : पांचवी व चौथी तार दुसऱ्या पडद्याशीं अनुक्रमें मधल्या बोटानें व अनामिकेनें, आणि तिसरी तार पहिल्या पडद्याशीं तर्जनीनें दाबावी. सहाहि तारा छेडाव्या.

ए मेजर : चौथी, तिसरी व दुसरी या तारा दुसऱ्या पडद्याशीं तीन बोटांनीं ओळीनें दाबाव्या. सहावी तार सोडावी.

डी मेजर : तिसरी तार तर्जनीनें व पहिली मधल्या बोटानें दुसऱ्या पडद्याशीं, आणि दुसरी तार अनामिकेनें तिसऱ्या पडद्याशीं दाबावी. सहावी व पांचवी सोडून बाकीच्या चार तारा छेडाव्या.

हेच तीन कां? ए हा षड्ज मानला, तर डी मध्यम व ई पंचम होतो. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे असे हे तीन मेळ एकत्र केले, कीं बिलावल थाटाचे सातहि स्वर त्यांत येतात. म्हणून साध्या चालीचीं कित्येक गीतें एवढ्यावरच म्हणतां येतात.

खरी कसोटी मेळ बदलण्यांत आहे. प्रत्येक मेळ चार मात्रा वाजवून, ताल न मोडतां, पुढच्यावर जावें. गति कितीहि मंद असो. थांबूं मात्र नये. रोज पंधरा मिनिटें पुरेत. कांहीं आठवड्यांत बोटांचीं टोंकें कणखर होतात. तोंवर पालकांनीं गाण्याची मागणी न करितां नुसतें ऐकावें, अशी आमची विनंती आहे.

एक सूचना शेवटीं करितों. रेव्हरंड टिळकांचीं भजनें देशी चालींवर म्हणतांना प्रत्येक शब्दावर मेळ लादूं नये. तेथें षड्ज-पंचमाची शांत साथच शोभते. गीत पुढें, साथ मागें, हें ज्यास कळलें, त्याचें शिक्षण उत्तम रीतीनें सुरू झालें असें आम्ही समजतों.