‘ग्लोबल वॉर्मिंग’ : वाक्यात उपयोग करा

‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा शब्दप्रयोग आज शाळकरी मुलापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. एप्रिलमध्ये उकडले की ग्लोबल वॉर्मिंग, आंब्याचा मोहर गळला की ग्लोबल वॉर्मिंग, पाऊस लांबला तरी तेच! मग इंग्रजीच्या वहीत ‘वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न आला, की मुले ऐकलेलेच वाक्य लिहून मोकळी होतात. अशा वाक्यात केवळ गुण जातात असे नाही. कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो, आणि हे नुकसान मोठे आहे.

१९७५ मध्ये वॉलेस ब्रोकर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातील आपल्या लेखाच्या शीर्षकात हे शब्द वापरले. १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि ते वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. मराठीत आपण ‘जागतिक तापमानवाढ’ म्हणतो. अर्थ सरळ आहे : संपूर्ण पृथ्वीच्या सरासरी तापमानात दीर्घकाळ होत राहिलेली वाढ. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात ही सरासरी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होती.

आता नेहमीची काही वाक्ये तपासून पाहू.

‘आज फार ग्लोबल वॉर्मिंग आहे.’

हे वाक्य चूक. एका दिवसाचा उकाडा म्हणजे ‘वेदर’. अनेक वर्षांची सरासरी म्हणजे ‘क्लायमेट’. मराठीत दोन्हींना आपण सर्रास ‘हवामान’ म्हणतो, म्हणून गोंधळ वाढतो. ‘यंदा कडाक्याची थंडी पडली, मग कुठे आहे तुमचे ग्लोबल वॉर्मिंग?’ हा प्रश्नही त्याच चुकीतून येतो. एका गावाच्या एका हिवाळ्यावरून साऱ्या पृथ्वीची सरासरी ठरत नाही.

‘ओझोनला भोक पडल्यामुळे ग्लोबल वॉर्मिंग होते.’

ही सर्वांत लोकप्रिय चूक! ओझोनचा थर सूर्याची घातक अतिनील किरणे अडवतो. अंटार्क्टिकावर तो विरळ होत असल्याचे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दोष होता फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांतील सीएफसी वायूंचा. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला आणि थर हळूहळू भरून येत आहे. तापमानवाढीचे मुख्य कारण वेगळे आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. म्हणून ‘बर्निंग कोल कॉन्ट्रिब्यूट्स टू ग्लोबल वॉर्मिंग’ हे वाक्य बरोबर.

‘ग्रीनहाऊस इफेक्ट ही वाईट गोष्ट आहे.’

हे अर्धसत्य. हवेतील बाष्प, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू जमिनीची उष्णता धरून ठेवतात, पांघरुणासारखी. हे पांघरूण नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश झाले असते; ते आहे म्हणून १५ अंशांच्या आसपास राहते. वाईट आहे ते पांघरूण जाड होत जाणे.

‘ग्लोबल वॉर्मिंगमुळे शहर बुडाले.’

इथे जपून लिहावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे अतिवृष्टीची शक्यता वाढते, हे खरे. पण मिठी नदीचे अरुंद झालेले पात्र, तुंबलेले नाले आणि भरतीची वेळ यांचाही त्या पुरात वाटा होता. सारा दोष आकाशावर टाकला की गाळ काढण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही! म्हणून ‘ग्लोबल वॉर्मिंगमुळे अशा पावसाची शक्यता वाढते’ असे लिहिणे योग्य.

थोडे व्याकरणही लक्षात ठेवावे. ‘ग्लोबल वॉर्मिंग’चे अनेकवचन होत नाही आणि त्याआधी सहसा ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही. उलट ‘ग्रीनहाऊस इफेक्ट’ आणि ‘ओझोन लेयर’ यांच्याआधी ‘द’ हवे.

मुलांना वाक्य लिहायला बसवताना तीन प्रश्न विचारायला सांगावेत : मी एका दिवसाबद्दल बोलतो आहे की अनेक वर्षांबद्दल? एका गावाबद्दल की साऱ्या पृथ्वीबद्दल? आणि सांगितलेले कारण खरोखर त्याचेच आहे का? तिन्हींची उत्तरे जुळली की वाक्य खुशाल लिहावे. ज्याला कारण नीट लिहिता आले, त्याला विजेचा दिवा विनाकारण का जळू द्यायचा नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही.