फोमच्या गादीतली आग : 130 मेगाज्यूल आणि 30 नॅनोमीटर

सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड अशी फोमची गादी घ्या. घनमीटरला 30 किलो घनता धरली, तर तिचं वजन भरतं सुमारे 5 किलो. पॉलियुरेथेन फोम जळताना किलोमागे साधारण 26 मेगाज्यूल उष्णता देतो. म्हणजे या एका गादीत 130 मेगाज्यूल झाले; घरगुती सिलिंडरमधला जवळपास तीन किलो गॅस जाळल्यावर मिळते तेवढी उष्णता.

त्याहून घातक असतो जळण्याचा वेग. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. साध्या फोमला जळत राहायला 17-18 टक्केही पुरतो. तो वितळून गळतो आणि खाली साचलेला पेटता द्रव वरच्या फोमला आणखी भडकवतो. लहानशी खोली एकदम पेट घेते ती उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारण 1,000 किलोवॉटला पोहोचला की. मोठा सोफा एकटाच 2,000 च्या वर जाऊ शकतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. ऱ्होड आयलंडच्या ‘स्टेशन’ नाइटक्लबमध्ये 2003 साली 100 आणि ब्राझीलच्या ‘किस’मध्ये 2013 साली 242 माणसं गेली. दोन्हीकडे आतषबाजीने ध्वनिरोधक फोम पेटला होता.

यावरचा जुना उपाय ब्रोमीनयुक्त रसायनांचा. कॅलिफोर्नियाने 1975 साली फोमला 12 सेकंदांच्या ज्योतीची चाचणी लावली आणि पेंटाबीडीईसारखी द्रव्यं फर्निचरमध्ये शिरली. ती फोमशी रासायनिकरीत्या बांधलेली नसतात. धुळीत उतरतात आणि शरीरात साठतात. 2009 साली स्टॉकहोम कराराने ती बंदीच्या यादीत टाकली.

आता नव्या पदार्थांचे आकडे पाहू. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात जेमी ग्रनलन यांच्या गटाने फोमच्या आतल्या जाळीवर कायटोसन आणि चिकणमातीच्या थरांच्या 10 जोड्या चढवल्या. एकूण जाडी सुमारे 30 नॅनोमीटर. उष्णता बाहेर पडण्याचा सर्वोच्च वेग 52 टक्क्यांनी घटला आणि गळणं थांबलं (2012). त्याच राज्यातल्या ऑस्टिनच्या संशोधकांनी 2015 मध्ये पॉलिडोपामिनच्या लेपाने 67 टक्के घट मिळवली. कायटोसन तयार होतं कोलंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून. भारत वर्षाला सात लाख टनांहून अधिक गोठवलेली कोलंबी निर्यात करतो. टरफलांची ददात आपल्याला नाही. भाताच्या कोंड्यातल्या फायटिक आम्लाचंही तसंच. त्याच्या वजनात 28 टक्के फॉस्फरस असतो आणि फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर कोळशाचा संरक्षक थर धरतो.

मात्र ‘52 टक्के’ म्हणजे निम्मी आग विझली, असं नव्हे. घटला तो सर्वोच्च वेग. एकूण उष्णता त्या मानाने फारशी कमी होत नाही. तरीही मला हाच आकडा मोलाचा वाटतो, कारण झोपेतून उठून मुलाबाळांसह दाराबाहेर पडायला लागणारा वेळ तिथूनच मिळतो.

अडचण आहे कारखान्यात. 10 जोड्या म्हणजे 20 वेळा बुडवणं, दर वेळी धुणं आणि पिळणं; फोमचे लांबलचक ठोकळे सलग ओतणाऱ्या उत्पादकाला हे परवडणारं नाही. उष्णतेने फुगून आग अडवणारं ग्रॅफाइट थेट मिश्रणात घालता येतं, त्याचा रंग मात्र फोमला काळपट करतो. शिवाय प्रयोगशाळेतला तुकडा असतो दहा सेंटिमीटरचा. वर्षानुवर्षं दबून, घाम पिऊन झालेल्या गादीवर लेप टिकतो का, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणून गादी घेताना ‘अग्निरोधक’ या शिक्क्यावर थांबू नका. कोणतं द्रव्य वापरलं, कोणती चाचणी केली आणि उष्णतेचा सर्वोच्च वेग किती घटला, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारा आणि उत्तर लेखी मागा.