गेटवरची रात्रपाळी

भिवंडीतल्या एका गोदामाचं राउंड रजिस्टर सहज चाळायला मिळालं. रात्री ११, १, ३ आणि पहाटे ५, चारही फेऱ्यांच्या नोंदी सहीसकट भरलेल्या. तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. म्हणून तिथं सुरक्षेची पाहणी करायला निवृत्त सुभेदार येणार आहेत असं कळल्यावर त्यांच्याबरोबर हिंडायची परवानगी काढली.

भिंत, काटेरी तार आणि कॅमेरे पटापट बघून झाले. भिंतीला लागून रचलेल्या लाकडी पॅलेट्सपाशी मात्र सुभेदार थांबले. "शिडी आपणच लावून दिलीय." गेटवरचा दिवा गार्डच्याच तोंडावर, बाहेरचा माणूस अंधारात. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर केबिनमध्ये उघड्यावर. चोराला पुरावाही उचलून नेता येईल. जागेच्या मांडणीतूनच गुन्ह्याला अटकाव करायचा, हा विचार सी. रे जेफ्री यांनी अमेरिकेत १९७१ साली पुस्तकरूपानं मांडला होता.

"पण माल भिंतीवरून फारसा जात नाही," सुभेदार म्हणाले. "गेटमधून जातो, चलन घेऊन." भंगाराची गाडी आत येताना रिकामं वजन झालं नाही, तर जाताना पुठ्ठ्याखाली काय दडलंय ते कोण सांगणार? म्हणून चलन बनवणारा एक, गाडी भरणारा दुसरा आणि गेटवर नग मोजून सील नंबर ताडणारा तिसरा हवा. सगळी भिस्त त्या तिसऱ्यावर.

तो तिसरा म्हणजे केबिनमधले पन्नाशीचे मामा. आत डिझेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा कोंदट वास, बसायला पाय मोडलेली खुर्ची. लघवीला जायचं तर गेट सोडून गोदामाच्या मागे.

"मामा, ड्युटी किती तास?"

"बारा तास, साहेब. बदलीवाला नाही आला तर चोवीस."

"ट्रेनिंग?"

"ड्रेस दिला, दुसऱ्या दिवशी उभं केलं."

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण सांगितलंय. महाराष्ट्रात तर सुरक्षा रक्षकांची नोकरी आणि कल्याण यासाठी १९८१ पासून वेगळा कायदा आहे, त्याखाली मंडळंही आहेत. मामांच्या वाट्याला आले ते बारा तास.

गोदामाच्या जुन्या आराखड्यात कॅमेऱ्यांना अख्खं पान दिलेलं आणि मामांना एक ओळ: 'गार्ड, बारा तास.' दिवसभर ट्रक मोजलेला माणूस रात्री बदलीवाला आला नाही म्हणून तिथंच थांबतो, तेव्हा पहाटे तीनची फेरी संध्याकाळीच लिहिली जाणार. त्या खोट्या सह्यांचा राग मला मामांवर काढता आला नाही.

सुभेदारांनी नव्या अहवालात पहिली शिफारस लिहिली ती आठ तासांच्या तीन पाळ्या आणि गेटजवळ संडास. पॅलेट्स, दिवा आणि डीव्हीआर त्यानंतर. गोदाममालकांनी पुढच्या कोटेशनमध्ये तीन पाळ्यांचा दर जरूर मागवावा. तो महाग वाटला, तर शेजारी एका ट्रकभर मालाची किंमत लिहून बघावी.