फाइल असोसिएशन

फाइल असोसिएशन (फाइल-संलग्नता) म्हणजे विशिष्ट प्रकारची फाइल कोणत्या आज्ञावलीने उघडायची, याविषयी संगणकाच्या संचालन प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टीम) असलेली नोंद होय. छायाचित्राच्या फाइलवर दोनदा टिचकी मारल्यास चित्रदर्शक उघडतो आणि गाण्याच्या फाइलवर मारल्यास संगीतवादक, तो या नोंदीमुळे. ही नोंद बिघडल्यास फाइल चुकीच्या आज्ञावलीत उघडते किंवा मुळीच उघडत नाही. बहुतेक वेळा असा बिघाड निरुपद्रवी असतो. मात्र याच नोंदीचा आधार घेऊन अनेक संगणक विषाणूंनी संगणकांचा ताबा मिळवला असल्याने हा विषय संगणक सुरक्षेशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या भागास एक्स्टेन्शन म्हणतात. सीपी/एम आणि त्यानंतरच्या एमएस-डॉस या प्रणालींत फाइलचे नाव जास्तीत जास्त ८ अक्षरांचे आणि एक्स्टेन्शन ३ अक्षरांचे असे. मायक्रोसॉफ्ट विंडोजने हीच पद्धत पुढे चालवली. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश संगणकांत फाइलचा प्रकार आणि ती निर्माण करणारी आज्ञावली हे दोन्ही चार-चार अक्षरांच्या संकेतांनी फाइलसोबतच साठवले जात, त्यामुळे नावात एक्स्टेन्शन असण्याची गरज नसे. लिनक्सवर आधारित प्रणाली एक्स्टेन्शनबरोबरच फाइलच्या सुरुवातीचे काही बाइट वाचूनही तिचा प्रकार ओळखू शकतात.

एक्स्टेन्शन हे फाइलवर लावलेले केवळ लेबल असते. ते बदलल्याने आतील मजकूर बदलत नाही. उदाहरणार्थ, वर्डच्या फाइलच्या नावात '.डीओसीएक्स'ऐवजी '.पीडीएफ' लिहिल्याने तिची पीडीएफ होत नाही. ती नेहमीप्रमाणे उघडणे मात्र बंद होते.

कार्यपद्धती

विंडोजमध्ये या नोंदी रजिस्ट्री नावाच्या माहितीकोशात असतात. तेथे प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर फाइलच्या प्रकाराचे नाव आणि त्या प्रकारासमोर ती उघडण्याची आज्ञा लिहिलेली असते. काही नोंदी संपूर्ण संगणकासाठी, तर काही एकेका वापरकर्त्यासाठी स्वतंत्र असतात. दोहोंत फरक आढळल्यास वापरकर्त्याची नोंद ग्राह्य धरली जाते. त्यामुळे एकाच संगणकावर एका सदस्याच्या खात्यात बिघाड दिसतो आणि दुसऱ्याच्या खात्यात दिसत नाही, असे घडू शकते.

पूर्वी नवी आज्ञावली बसवताना ती वापरकर्त्याला न विचारता या नोंदी स्वतःच्या नावे करून घेत असे. विंडोज ८ (२०१२) पासून वापरकर्त्याने केलेल्या निवडीसोबत एक पडताळणी-संकेत साठवला जातो. तो न जुळल्यास विंडोज ती निवड रद्द करून मूळ आज्ञावली पुन्हा लागू करते.

सुरक्षेशी संबंध

फाइल-संलग्नतेचा गैरवापर मुख्यतः दोन प्रकारे होतो.

पहिला प्रकार म्हणजे फाइलचे खरे रूप लपवणे. परिचित एक्स्टेन्शन न दाखवणे ही विंडोजची मूळ मांडणी आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मने तिचाच फायदा घेतला. ई-मेलला जोडलेल्या त्याच्या फाइलच्या नावात आधी '.टीएक्सटी' आणि मग '.व्हीबीएस' अशी दोन एक्स्टेन्शने होती. त्यांतील दुसरे दिसत नसल्याने लोकांना ती साधा मजकूर वाटली. प्रत्यक्षात ती स्क्रिप्ट होती आणि संलग्नतेच्या नोंदीनुसार विंडोजने ती चालवली. पीडीएफसारखे चिन्ह लावलेल्या '.ईएक्सई' फाइली ही त्याच युक्तीची पुढची रूपे होत. लग्नपत्रिकेच्या नावाखाली मोबाइलवर पाठवल्या जाणाऱ्या '.एपीके' फाइलींमागेही हेच तत्त्व आहे.

दुसरा प्रकार म्हणजे नोंदच बदलणे. जुलै २००१ मध्ये पसरलेल्या 'सरकॅम' वर्मने '.ईएक्सई' फाइल चालवण्याच्या आज्ञेत स्वतःचे नाव घातले होते. परिणामी कोणतीही आज्ञावली सुरू केली, तरी आधी वर्म चालत असे. येथे उपायच अपाय ठरू शकत होता. वर्मची फाइल पुसून नोंद तशीच ठेवल्यास विंडोज अस्तित्वात नसलेल्या फाइलचा शोध घेत राही आणि एकही आज्ञावली सुरू होत नसे. रजिस्ट्री दुरुस्त करणारी आज्ञावलीही '.ईएक्सई' असल्याने तीही उघडत नसे. त्या काळी सुचवलेला उपाय हाच नियम उलट बाजूने वापरणारा होता : त्या आज्ञावलीच्या प्रतीला '.कॉम' हे एक्स्टेन्शन द्यायचे. '.कॉम'ची नोंद शाबूत असल्याने ती प्रत चालत असे.

पुढे बनावट अँटिव्हायरसांनीही ही पद्धत वापरली. खरा अँटिव्हायरस उघडू पाहणाऱ्यास ते संगणक विषाणूग्रस्त असल्याचा खोटा इशारा दाखवून पैसे मागत.

बिघाडाचे निदान व दुरुस्ती

एकाच प्रकारच्या फाइली चुकीच्या आज्ञावलीत उघडत असतील, तर कारण बहुधा साधे असते : नवी आज्ञावली बसवणे, जुनी काढून टाकणे किंवा चुकून केलेली निवड. अशा फाइलवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ'मधून योग्य आज्ञावली निवडावी आणि ती निवड कायम करावी. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्जमधील 'डीफॉल्ट ॲप्स' या विभागातूनही हे करता येते. सर्व निवडी मूळ स्थितीत आणण्याची सोय तेथेच आहे.

'.ईएक्सई' फाइली आणि शॉर्टकटच्या '.एलएनके' फाइली या दोन प्रकारांसाठी मात्र 'ओपन विथ' कधीही वापरू नये. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत शॉर्टकट चुकून नोटपॅडशी जोडला गेल्यास पडद्यावरील सर्व शॉर्टकटची चिन्हे एकसारखी होत आणि प्रत्येक शॉर्टकट नोटपॅडमध्येच उघडे.

एकही आज्ञावली सुरू होत नसल्यास किंवा दुरुस्त केलेली नोंद पुन्हापुन्हा बिघडत असल्यास विषाणूची शक्यता गृहीत धरावी. अशा वेळी क्रम महत्त्वाचा ठरतो :

१. संगणकाचा इंटरनेटशी संबंध तोडावा आणि महत्त्वाच्या दस्तऐवजांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. आज्ञावलींच्या फाइली त्या प्रतीत घेऊ नयेत.
२. सेफ मोडमध्ये किंवा विंडोज सुरू होण्यापूर्वी केल्या जाणाऱ्या ऑफलाइन तपासणीद्वारे विषाणू काढावा.
३. त्यानंतर संलग्नतेची नोंद पूर्ववत करावी. बिघाडापूर्वीचा रीस्टोअर पॉइंट उपलब्ध असल्यास 'सिस्टीम रीस्टोअर'चा उपयोग होतो.
४. रजिस्ट्रीत हाताने बदल करायचा असल्यास आधी तिची प्रत घ्यावी.

दुरुस्तीच्या नावाखाली मिळणाऱ्या अनोळखी 'रजिस्ट्री क्लीनर' आज्ञावली टाळाव्यात. त्यांतील काही स्वतःच उपद्रवी असतात.

सुरक्षा आज्ञावलीची निवड

विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच समाविष्ट आहे. आज तो मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या नावाने ओळखला जातो. दुसरा अँटिव्हायरस बसवल्यास तो सहसा आपोआप बाजूला होतो. घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे की नाही, हे ठरवताना जाहिरातींपेक्षा जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचणी संस्थांचे निष्कर्ष अधिक उपयोगी पडतात. त्यांत विषाणू ओळखण्याबरोबरच संगणकाचा वेग आणि निर्दोष फाइलींवर घेतलेला चुकीचा संशय यांचीही मोजणी असते.

एका संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी सक्रिय ठेवू नयेत. दोन्ही प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासू पाहतात. त्यामुळे संगणक मंदावतो आणि दोहोंत संघर्ष होऊ शकतो. मुदत संपलेली चाचणी आवृत्ती संगणकावर तशीच ठेवणेही धोक्याचे असते.

फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीचे उत्पन्न कोठून येते, हाही निवडीचा निकष आहे. वापरकर्त्यांच्या इंटरनेटवरील हालचालींची माहिती विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले. अद्ययावत माहिती अखंड मिळणेही तितकेच आवश्यक आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा अद्यतने न मिळणाऱ्या संचालन प्रणालीची उणीव कोणताही अँटिव्हायरस पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

भारतीय कंपन्यांपैकी क्विक हीलची सुरुवात पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून झाली. कैलाश आणि संजय काटकर हे बंधू तिचे संस्थापक आहेत. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. उपद्रवी आज्ञावली काढण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात.

प्रतिबंध

फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवणे, हा विनाखर्च आणि परिणामकारक उपाय आहे. त्यामुळे छायाचित्र किंवा बिल म्हणून आलेली '.ईएक्सई' फाइल उघडण्यापूर्वीच ओळखता येते. दैनंदिन कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरणे, तसेच महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवणे हेही हितावह आहे. अँटिव्हायरस ज्ञात आणि संशयास्पद आज्ञावली अडवतो. मात्र अनोळखी फाइल उघडावी की नाही, हा निर्णय प्रथम वापरकर्त्याच्याच हाती असतो.

हेही पहा

संगणक विषाणू
विंडोज रजिस्ट्री
अँटिव्हायरस