बंदीतली कमाई, लिंक आणि झोप



1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी जेटीला. 61 दिवस दर्या बंद, पण बँकेचा हप्ता काही बंद होत नाही. म्हणून आपली मुलं, काही वहिनीसुद्धा, फोनवरून अ‍ॅफिलिएटचं काम करायला लागल्यात. ऑफिसात येऊन विचारतात, "सेक्रेटरी, हे खरं की फसवणूक?"

काम खरं आहे. ऑनलाइन दुकानातल्या मालाची लिंक आपण टाकायची, तिच्यावरून कोणी माल घेतला की आपल्याला कमिशन. लिलावातल्या दलालासारखंच, फक्त टोपली समोर नसते. समजा 1,500 रुपयांची वस्तू आणि 4 टक्के, तर सुटले 60 रुपये. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की तेही गेले. अ‍ॅमेझॉनवर पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःच घेतलं तर काही मिळत नाही. मुख्य म्हणजे पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात. जूनची कमाई ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे बोटी सुटल्यावर! बंदीतला घरखर्च यावर धरू नका.

कामाला लागण्याआधी कोणी पैसे भरायला सांगत असेल तर ते अ‍ॅफिलिएट नव्हे, सरळ फसवणूक. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, लाजू नका.

आता माझंच सांगतो. मागच्या पावसाळ्यात मीही हे केलं. डोक्याला लावायच्या लाइटची लिंक आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकली. लाइट हातात धरूनही बघितला नव्हता, आणि कमिशन मिळतं हेही लिहिलं नाही. चौघांनी घेतला. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि एकाच्या लाइटमध्ये दुसऱ्याच रात्री पाणी गेलं, तेही जाळं ओढताना. बोटीत जुनी बॅटरी होती म्हणून निभावलं. तो भांडला नाही. "तुम्ही सांगितलं म्हणून घेतला," एवढंच म्हणाला. माझं कमिशन किती झालं होतं ते इथे लिहायची लाज वाटते.

त्या दिवसांत रात्री एक-एक वाजेपर्यंत मी फोन बघत बसायचो, कोणी लिंक दाबली का म्हणून. सकाळी हिशेबाच्या वहीत चुका. बायको म्हणाली, "रापण टाकल्यावर तुम्ही दर मिनिटाला ओढून बघता का?"

आता नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ज्यांना पहाटे तीनला बोटीवर जायचं असतं त्यांनी तर रात्री या कामाला हातच लावू नये. झोप न झालेला माणूस विंचजवळ उभा राहिला की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. लिंक टाकतो ती वापरून बघितलेल्या वस्तूचीच, आणि वरच मराठीत लिहितो, "यावर मला कमिशन मिळतं." जाहिरात असेल तर तसं उघड सांगा, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही जानेवारी 2023 मध्ये सांगितलेलं आहे. लाइफ जॅकेटची लिंक मात्र मी टाकत नाही. ते दुकानात जाऊन, पट्टे ओढून, शिवण बघूनच घ्या.

खातं उघडायचं असेल तर पॅन कार्ड आणि पासबुक घेऊन दुपारी तीननंतर ऑफिसात या. फोन केलात तरी चालेल, पण नऊच्या आत.